इंजिनाचे डोके : आधी मोजा, मग कापा

मागल्या दिवाळीतली गोष्ट. रात्री जेवणे आटोपली होती, आणि कॅलिफोर्नियाहून माझ्या पुतण्याचा फोन आला. तो तिकडे सॅन दिएगो शहरी नोकरीस आहे. ख्यालीखुशाली झाली आणि मग हळूच म्हणाला, "काका, एक जुनी बॅन्शी घेतली आहे. तिचे हेड बदलायचे म्हणतो. इथली पोरे सांगतात, लहान डोमचे हेड घाल, गाडी उडेल. कोणते घालू?"

मी त्याला विचारले, "आत्ता जे हेड आहे ते मोजलेस का?"

तो म्हणाला, "मोजायचे काय त्यात? ते तर काढूनच टाकायचे आहे."

श्रोतेहो, आजचे माझे भाषण ह्या एका उत्तरावर आहे. कारण असेच उत्तर मीही एकदा दिले होते, आणि त्याची किंमत ह्या पुतण्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने भरली. ती हकीकत पुढे येईलच.

आधी ही बॅन्शी म्हणजे काय ते सांगतो. अमेरिकेत चार फुगीर चाकांची, मोटारसायकलीसारखी वर बसून हँडलने चालवायची एक गाडी असते. वाळू, चिखल, माळरान, कशावरही ती जाते. म्हणून तिला सर्व तऱ्हेच्या जमिनीची गाडी, ए. टी. व्ही. म्हणतात. यामाहा कंपनीची बॅन्शी ही त्यांतली नावाजलेली. ती १९८७ साली बाजारात आली आणि अमेरिकेत २००६ पर्यंत विकली गेली. तिचे इंजिन दोन सिलिंडरांचे, पाण्याने थंड होणारे आणि दोन-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलात तेल मिसळून चालवायचे. धुराचे नवे नियम तिकडे लागू होऊ लागले आणि ही जात मागे पडली. म्हणून आज जी बॅन्शी विकत मिळते ती जुनी, चारदोन हातांतून गेलेली. हा मुद्दा ध्यानात ठेवा.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या वाळूतल्या गाडीशी आमचा काय संबंध? संबंध आहे. १९८३ पासून फरिदाबादला एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या सहकार्याने राजदूत ३५० ही मोटारसायकल काढली होती. तुमच्यापैकी कित्येकांनी ती पाहिली असेल. तिचा आवाज तर दोन शेते पलीकडून ओळखू यायचा. त्या राजदूतचा आणि ह्या बॅन्शीचा सिलिंडर मापाने एकच : व्यास ६४ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ५४ मिलिमीटर. राजदूत वाऱ्याने थंड होई, बॅन्शी पाण्याने होते. पण कुळी एकच. शिवाय तुमची जुनी लूना घ्या, खांद्यावरचा फवारणीचा पंप घ्या, गवत कापायचे यंत्र घ्या. दोन-स्ट्रोकचा धर्म सगळीकडे सारखाच.

आता हेड म्हणजे काय ते पाहू. चार-स्ट्रोक इंजिनाच्या हेडात व्हॉल्व असतात, स्प्रिंगा असतात, कधी कॅमही असतो. ते डोके म्हणजे भरलेले घर. दोन-स्ट्रोकचे डोके रिकामे. इंग्लंडात बाथ ह्या गावी जोसेफ डे ह्या गृहस्थाने १८९१ च्या सुमारास बिनव्हॉल्वचे दोन-स्ट्रोक इंजिन सिद्ध केले. मिश्रण आत यायच्या आणि धूर बाहेर जायच्या खिडक्या सिलिंडरच्या भिंतीलाच ठेवल्या, आणि वरखाली होणारा पिस्टनच त्या उघडू-झाकू लागला. तेव्हापासून दोन-स्ट्रोकचे हेड म्हणजे नुसते झाकण. मध्ये प्लगचे भोक, खाली वाटीसारखा खोलगट भाग, झाले.

झाकण म्हटले की माणसाला वाटते, ह्यात काय आहे? थोडे घासले काय, दुसरे बसवले काय! पण त्या वाटीत किती जागा आहे आणि ती कोणत्या आकाराची आहे, ह्यावर इंजिनाची ताकद, उष्णता आणि आयुष्य अवलंबून असते. तेव्हा ही जागा कशी मोजतात ते पाहू. गुरुजी मंडळींनी येथे खडू हातात घ्यावा, कारण हे गणित आठवीच्या मुलाला येण्याजोगे आहे.

बॅन्शीच्या एका सिलिंडरचा व्यास ६.४ सेंटिमीटर. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३२.२ चौरस सेंटिमीटर. पिस्टनची धाव ५.४ सेंटिमीटर. गुणाकार केला की सुमारे १७३.७ घन सेंटिमीटर, म्हणजे सी. सी., आले. दोन सिलिंडरांचे मिळून ३४७. आता पिस्टन अगदी वर आला असता त्याच्या डोक्यावर जी जागा उरते ती २२ सी. सी. आहे असे समजा. म्हणजे पिस्टन खाली असताना एकूण जागा १९५.७ आणि वर असताना २२. भागाकार करा : सुमारे ८.९. जेवढे होते ते जवळजवळ नवव्या हिश्श्यात दाबले गेले. ह्यालाच कॉम्प्रेशनचे प्रमाण म्हणतात.

आता कोणी लेथवर हे हेड अर्धा मिलिमीटर घासून घेतले. अर्धा मिलिमीटर म्हणजे पाचसहा पोस्टकार्डांची जाडी नव्हे, दोनतीनच! वाटीचे तोंड पूर्ण ६४ मिलिमीटर रुंद धरले तर १.६ सी. सी. जागा गेली. उरली २०.४. पुन्हा भागा : ९.५. आणखी अर्धा मिलिमीटर घासा : जागा १८.८, प्रमाण १०.२. पाहा, बोटाला न कळणारा फरक केवढा मोठा होतो तो! वरची जागा मुळातच लहान, म्हणून प्रत्येक थेंबाला भाव.

येथे एक सावधगिरी सांगतो. बॅन्शीच्या पुस्तकात तुम्हाला ६.५ असा आकडा दिसेल आणि तुम्ही म्हणाल, हे गणित चुकले. चुकले नाही. जपानी कंपन्या दोन-स्ट्रोकचे प्रमाण पिस्टन तळाशी असताना धरीत नाहीत; धूर जाण्याची खिडकी झाकली गेली त्या क्षणापासून धरतात, कारण खरे दाबणे तेव्हाच सुरू होते. दोन मापांचे दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. पायलीने मोजलेले आणि किलोने मोजलेले धान्य आपण एकाच रकान्यात लिहीत नाही, तसेच हे.

बरे, प्रमाण वाढले तर बिघडले कुठे? ताकद तर वाढते ना? वाढते. पण सायकलचा पंप आठवा. तोंडावर बोट ठेवून चार वेळा दट्ट्या मारला की पंपाचे टोक गरम लागते. हवा दाबली की तापते. इंजिनातही तसेच. ठिणगी पडल्यावर ज्वाला मध्यापासून कडेकडे पसरत जाते. कडेला जे मिश्रण शेवटी उरते ते आधीच दाबलेले, त्यात ज्वालेच्या रेट्याने आणखी दाबलेले आणि तापलेले. ते ज्वाला पोचण्याची वाट न पाहता एकदम आपणहून पेटते. तो धक्का पिस्टनवर हातोडीसारखा बसतो. ह्याला नॉकिंग म्हणतात. आपले मेकॅनिक म्हणतात, इंजिन ठोकते. डब्यात खडे हलवल्यासारखा कट्‌कट् आवाज येतो. पुष्कळदा गाडीच्या गोंगाटात तो ऐकूही येत नाही. पिस्टनची कड उंदराने कुरतडल्यासारखी होते, ॲल्युमिनियमचे बारीक कण प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर चिकटतात, आणि शेवटी पिस्टन वितळून त्याला भोक पडते.

इंग्लंडमधले इंजिनशास्त्रज्ञ हॅरी रिकार्डो ह्यांनी ह्या ठोकण्याचा आयुष्यभर अभ्यास केला. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या सुमारास, त्यांनी हेडाच्या आकारावर एक उपाय काढला. हेडाचा काही भाग पिस्टनच्या अगदी जवळ येईल असा ठेवायचा. पिस्टन वर आला की त्या चिंचोळ्या जागेतले मिश्रण चेपले जाऊन जोराने प्लगकडे ढकलले जाते. दोन तळहात पाण्यात एकमेकांवर आपटून पाहा. पाणी कसे चिळकांडीसारखे सुटते! मिश्रण घुसळले जाते आणि ज्वाला झपाट्याने पसरते. आणि चिंचोळ्या फटीत जे थोडे उरते ते दोन्हीकडच्या धातूला चिकटून थंड राहते, आपणहून पेटत नाही. आजच्या दोन-स्ट्रोक हेडांत वाटीभोवती अशी गोल पट्टी असते. तिला स्क्विश म्हणतात. आपण चेपपट्टी म्हणू.

ह्या चेपपट्टीची फट फार असून चालत नाही आणि फार कमी असूनही चालत नाही. बॅन्शीएवढ्या सिलिंडरला ती एक ते सव्वा मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. दोन मिलिमीटर झाली तर मिश्रण चेपलेही जात नाही आणि थंडही राहत नाही. उलट ठोकायला ते मोकळे. आणि अर्ध्या मिलिमीटरवर आली तर वेग वाढल्यावर कनेक्टिंग रॉड किंचित ताणतो, बेअरिंगची ढिलाई त्यात मिळते, आणि पिस्टन हेडावर आपटू शकतो. म्हणून केवळ जागा मोजून भागत नाही. फटही मोजावी लागते.

आता माझी हकीकत सांगतो. १९८४ साल. मी कारखाना-शिक्षणाच्या शाळेत नुकताच शिकवायला लागलो होतो. माझ्याकडे एक दोन-स्ट्रोक मोटारसायकल होती. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. चढणीला ती दमते अशी माझी तक्रार. एका वर्कशॉपवाल्याने सांगितले, "मास्तर, हेड घासून देतो, घोडा होईल." मी दिले. त्याने किती घासले ते त्याने मोजले नाही, मी विचारले नाही. दुसऱ्याच आठवड्यात धाकट्या भावाची कोल्हापूरला नोकरीची मुलाखत होती. साखरप्याहून पहाटे निघालो. सपाटीला गाडी खरोखर घोड्यासारखी पळाली. आम्ही दोघे खूष! मग आंबा घाट लागला. दोघांचे ओझे, सरळ चढण, मूठ पुरी पिळलेली. कट्‌कट् आवाज येऊ लागला. मी म्हटले, नवे हेड आहे, बसेल जागेवर. तिसऱ्या वळणानंतर इंजिनाने धरले आणि मागचे चाक जागीच थांबले. खाली दरी. पडलो नाही एवढेच दैव. पिस्टनला बोट जाईल एवढे भोक पडले होते. एस. टी. मिळून कोल्हापूरला पोचेपर्यंत मुलाखती संपल्या होत्या.

भावाने मला एका शब्दाने बोल लावला नाही. पुढे तो शिक्षक झाला, चांगला शिक्षक झाला. पण त्या दिवशी थांब्यावर तो कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. वाईट ह्याचे वाटते की मी शाळेत मुलांना "मोजल्याशिवाय फाइल लावू नका" म्हणून सांगत होतो, आणि स्वतःच्या गाडीचे हेड न मोजता लेथवर दिले होते.

म्हणून पुतण्याला म्हटले, "आधी मोज. मग हेड बदलायचे की नाही ते पाहू."

कसे मोजायचे, ते तुम्हालाही सांगतो. गुरुजींनी शाळेच्या प्रयोगशाळेत हे जरूर करून दाखवावे. भंगारातले कुठलेही दोन-स्ट्रोक हेड चालेल. हेडाची काजळी काढून ते पुसून घ्यावे. प्लग घट्ट बसवावा आणि हेड उलटे करून समपातळीत ठेवावे. वाटीच्या कडेला ग्रीसचा पातळ हात द्यावा. त्यावर जाड पारदर्शक प्लास्टिकची सपाट पट्टी दाबावी. पट्टीला एक लहान भोक हवे. ब्युरेटने, ती नसेल तर दवाखान्यातल्या न वापरलेल्या मोठ्या पिचकारीने, त्या भोकातून पातळ तेल सोडावे. हवेचा शेवटचा बुडबुडा निघाला की थांबावे आणि किती तेल गेले ते वाचावे. झाली वाटी मोजून. दोन सिलिंडर असतील तर दोन्ही वाट्या मोजाव्या आणि ताडून पाहाव्या.

पण पिस्टनचा माथा किंचित उंचवट्याचा असतो, आणि मध्ये पॅकिंगची जाडी असते. तेव्हा खरी जागा इंजिनावरच मोजावी लागते. पिस्टनच्या कडेला ग्रीस लावून तो बरोबर वर आणायचा, हेड बसवून कसायचे, प्लगचे भोक उभे राहील असे इंजिन कलते करायचे, आणि आट्यांच्या तळापर्यंत तेल भरायचे. जेवढे गेले तेवढी जागा. नंतर सगळे तेल काढून टाकायला विसरू नये.

फट मोजायला तर त्याहून सोपी युक्ती आहे. रेडिओच्या दुरुस्तीत वापरतात ती सोल्डरची मऊ तार घ्या. प्लगच्या भोकातून ती सिलिंडरच्या भिंतीला टेकेपर्यंत आत घाला आणि इंजिन हाताने एक फेरा फिरवा. तारेचे टोक चेपून निघेल. चेपलेला भाग व्हर्नियरने मोजा, ती तुमची फट. पिस्टन आपल्या पिनेवर जरा डोलतो, म्हणून तार पिनेच्या रेषेत डावीकडे एकदा आणि उजवीकडे एकदा घालावी.

पुतण्याने शनिवार-रविवार बसून हे सगळे केले. सोमवारी त्याचा फोन आला तेव्हा आवाज उतरलेला. डाव्या सिलिंडरची जागा १८.२ सी. सी., उजव्याची १९.५. फट डावीकडे ०.६ मिलिमीटर, उजवीकडे १.०. श्रोतेहो, बॅन्शीचे मूळ हेड दोन्ही सिलिंडरांना मिळून एकच ओतीव तुकडा असतो. म्हणजे आधीच्या कोणा मालकाने ते घासून घेतले होते, आणि तेही तिरपे! डाव्याचे प्रमाण १०.५ वर गेलेले, उजव्याचे ९.९ वर. एकाच जुवाला दोन उंचीचे बैल. आणि डाव्या बाजूला फट इतकी कमी की पिस्टन आपटायला वेळ लागला नसता. त्याच्यावर ती पोरे सांगत होती, आणखी लहान डोम घाल!

पुतण्याचा बेत काय होता? नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी तिकडे थँक्सगिव्हिंगचा सण असतो. त्या सुटीत दक्षिण कॅलिफोर्नियात, मेक्सिकोच्या सरहद्दीजवळ, इंपीरियल वाळूटेकड्यांत ग्लॅमिस म्हणून ठिकाण आहे तेथे हजारो लोक ह्या गाड्या घेऊन जमतात. वाळूत चाक रुतते, इंजिनाला क्षणाची उसंत नसते. उंच टेकडी चढताना मूठ पुरी पिळलेलीच ठेवावी लागते. आमच्या घाटासारखेच. शिवाय टेकडीच्या माथ्यापलीकडे कोण येतो आहे ते दिसत नाही. अशा जागी इंजिनाने धरले तर केवळ पिस्टन जात नाही. ह्या गाड्या मुळातच उलटायला सोप्या. तीन चाकांच्या गाड्यांनी इतके अपघात झाले की १९८८ साली सरकारशी झालेल्या करारानुसार कंपन्यांनी अमेरिकेत त्यांची विक्री थांबवली. चार चाकांची झाली म्हणून ती बैलगाडी होत नाही.

मग हेड बदलणे आलेच. मात्र ते ताकद वाढवण्यासाठी नव्हे, बिघडलेले सरळ करण्यासाठी. आता बाजारात एक दोन भागांचे हेड मिळते. ॲल्युमिनियमच्या सबंध ठोकळ्यातून यंत्रावर कोरलेले बाहेरचे कवच, आणि आत प्रत्येक सिलिंडरला एक सुटी घुमटी, म्हणजे डोम. पॅकिंगऐवजी रबरी कडी, ओ-रिंगा, पाणी आणि वायू अडवतात. सोय अशी की डोम निरनिराळ्या मापांचे मिळतात. पेट्रोल बदलले, मुलूख बदलला, तर सबंध हेड न बदलता डोम बदलावा.

मुलूख का म्हणाल तर हवेचा दाब. कोलोरॅडोत डेन्व्हर शहर सुमारे १६०० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने सहाव्या हिश्श्याने कमी. आपले महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास आहे, तेथेही साधारण सातवा हिस्सा कमी. हवाच विरळ, म्हणून सिलिंडरात भरते थोडी, आणि लहान डोम तेथे खपून जातो. पण तीच गाडी खाली आणली की ठोकू लागते. ग्लॅमिसची वाळू समुद्रसपाटीहून फारशी उंच नाही. डेन्व्हरच्या माणसाचा सल्ला तेथे घेऊ नये.

पेट्रोलचेही तसेच. न ठोकता किती दाब सोसेल ते ऑक्टेनच्या आकड्यावरून कळते. अमेरिकेच्या पंपावरचा आकडा दोन चाचण्यांची सरासरी असतो. आपल्याकडचा आकडा त्यांतल्या एकाच, रिसर्च चाचणीचा, आणि तो मोठा दिसतो. म्हणून तिकडचे ९१ आणि इकडचे ९१ एक नव्हे. तिकडचे पेट्रोल त्याच आकड्याला जास्त सोसते. कोणी परदेशातल्या गाडीचा डोम-हिशेब वाचून येथे तसाच लावू नये.

पुतण्याने डोम निवडला तो इंजिनावर मोजून २२ सी. सी. भरेल असा, दोन्हीकडे सारखा. फट दोन्हीकडे १.२. मी त्याला बसवण्याचे चार नियम सांगितले. पाणी आधी पूर्ण काढ, नाहीतर सिलिंडरात उतरेल. सिलिंडरचा माथा सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून सपाट आहे ना ते पाहा. वाकडा असेल तर उत्तम हेडही गळणार. नट एकदम आवळू नको. समोरासमोरचे, दोनतीन फेऱ्यांत, टॉर्क-पान्याने, पुस्तकात दिलेल्या मापाने. आणि शेवटी कॉम्प्रेशन गेज लावून मूठ पुरी उघडी ठेवून किक मार. दोन्ही सिलिंडरांचे आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत. त्यानंतर कार्बोरेटरची जेट तपास. डोके बदलले की खाण्याचे प्रमाणही पाहावे लागते. मिश्रणात पेट्रोल कमी पडले तर उत्तम हेडाखालीही पिस्टन जळतो.

तो जरा खट्टू झाला. "काका, म्हणजे प्रमाण १०.५ वरून ८.९ वर आले. खर्च करून ताकद कमीच केली की!"

मी म्हटले, "कागदावर कमी केली. घाटात वाढली."

सण झाला. शनिवारी त्याचा फोन आला. दोन दिवस गाडी वाळूत चालली, पंपावरच्या पेट्रोलवर. प्लग काढून पाहिले. दोन्ही सारखे, भाजलेल्या पोळीच्या रंगाचे, एक कण चिकटलेला नाही. ज्यांनी त्याला लहान डोमचा सल्ला दिला होता त्यांतल्या एकाची गाडी दुपारीच ट्रेलरवर चढली होती. हे सांगताना मात्र पुतण्या हसला नाही, हे मला आवडले. त्याने त्या पोराला आपली सोल्डरची तार दिली, म्हणाला.

आता तुमच्या घरच्यासाठी दोन शब्द. तुमच्या फवारणीच्या पंपाचे किंवा करवतीचे हेड बहुधा सिलिंडरशी एकाच तुकड्यात असते, ते वेगळे निघत नाही. कोणी सांगेल, खालचे पॅकिंग काढून टाका, ताकद वाढेल. ते हेड घासण्यासारखेच आहे. फट न मोजता करू नका. दुसरे, काजळी. दोन-स्ट्रोकमध्ये तेल जळते आणि वाटीत काजळीचा थर बसतो. तो थरही जागा खातो, आणि तापून निखाऱ्यासारखा लाल होतो. न घासलेले इंजिनही मग ठोकू लागते. हंगाम संपला की काजळी काढा. मात्र स्क्रू-ड्रायव्हरने नव्हे, लाकडी किंवा बांबूच्या चिपेने. ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तेथेच पुढला निखारा बसतो. तिसरे, तेल आणि पेट्रोल अंदाजाने ओतू नका. मापाच्या भांड्याने मिसळा.

मेकॅनिक म्हणेल, "मोजायला वेळ कुठे आहे? हाताला अंदाज असतो." हाताला अंदाज असतो, हे मी मान्य करतो; तीस-तीस वर्षे काम केलेल्या हाताचा मला आदर आहे. पण अर्धा मिलिमीटर हाताला कळत नाही. तो तारेला कळतो, आणि नाहीतर मग घाटात पिस्टनला कळतो. इंजिनाकडून जास्त ताकद मागाल तर ते देईल. पण किंमत उष्णतेत घेईल. ती किंमत किती, हे आधी विचारून घ्यावे. विचारायची रीत एकच : मोजणे.

भावाला मी पुतण्याच्या वाळूतल्या पराक्रमाची हकीकत सांगितली. तो आता निवृत्त झाला आहे. ऐकून म्हणाला, "दादा, आपल्या वेळी ती सोल्डरची तार चार आण्याला मिळत असेल, नाही?"

मी म्हटले, "होय. घरातच होती. तुझ्या रेडिओच्या पेटीत."